देव्हाऱ्यातला सर्व्हर
दसऱ्याच्या तोंडावर इथे आखातात, मनामाच्या बाजारात झेंडूचा वास आला की मला माझा जळालेला छोटा कॉम्प्युटर आठवतो. इथल्याच झिंज भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये पत्त्याच्या पानाएवढ्या त्या उघड्या बोर्डला मी हार्ड डिस्क जोडली होती. टोरंटवरून जुनी नाटकं त्यात उतरत राहायची आणि घरचे सगळे फोटो, व्हिडिओही तिथेच साठायचे. बाबा गेल्यानंतर व्हिजिट व्हिसावर सांगलीहून आलेली आई खोलीबाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, त्यामुळे नाटक रोज अर्धवट राहायचं. शेवटी मी तो बोर्ड देव्हाऱ्यात, लाइटच्या दिव्याशेजारी नेऊन ठेवला, कारण तेवढं एकच बटण ती कधी बंद करत नसे. "यात काय असतं रे?" तिने विचारलं. "बाबांची गाणी, त्यांचे व्हिडिओ, सगळं," मी म्हणालो. खंडेनवमीला ऑफिसातून आलो तर बोर्डवर पाण्यात कालवलेलं हळदकुंकू, वर ओला टपोरा झेंडू, आणि त्याचा हिरवा लाइट विझलेला. मी भडकलोच. "अगं, मिक्सरला लावलंस, सकाळी गाडीला लावलंस, ठीक आहे; याला कशाला? झाला ना खलास!" ती शांतपणे म्हणाली, "त्यात हे आहेत म्हणालास ना? मग पहिलं फूल त्यालाच वाहिलं." डिस्क तेवढी वाचली. आता नव्या बोर्डला डबी आहे, आणि खंडेनवमीला तिच्या झाकणावर कोरडं कुंकू मीच लावतो. पहिलं फूलही तिथेच ठेवतो. त्या डिस्कवर आता आईही आहे.