सिल्वेस्टरची लाल केप

इझाबेलमावशीची आणि आमची भिंत एकच. अंधेरीच्या त्या गावठाणात तिची क्लॅरा १९८३ साली माझ्या भावाशी, नंदकुमारशी, कोर्टात लग्न करून मोकळी झाली. आमच्या आईने चार दिवस तोंड फुगवलं आणि मग सुनेला मासळीचं कालवण शिकवायला बसली. चर्चच्या मंडळाने मात्र उभा दावा मांडला.

या मंडळातले पुरुष सणाच्या मिरवणुकीत पांढरा पायघोळ झगा घालतात, वर खांद्यांवर आखूड लाल केप. मेल्यावर त्याच पोशाखात पुरतात. मावशीचा नवरा सिल्वेस्टर चाळीस वर्षं तो मान मिरवत आला होता. पण लेकीच्या लग्नात त्याने साक्षीदार म्हणून सही केली, म्हणून मंडळाने त्याचं नाव कापलं आणि घरी येऊन केप काढून नेली. दम्याने आधीच खंगलेला माणूस. तेव्हापासून त्याचं एकच, "मला कसल्या कपड्यात पुरशील गं?" ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता या शहाण्यांची अक्कल बघा. पुढच्या वर्षी सण आठवड्यावर आला आणि मंडळात नवा सभासद घेतला, तो निघाला किडकिडीत. केप आवळायला हवी. गावठाणातले सगळे झगे, सगळ्या केपा पंचवीस वर्षं शिवत कोण आलं होतं? इझाबेलमावशी. सवयीने त्यांनी सिल्वेस्टरकडून नेलेलीच केप पिशवीत घालून त्याच्याच बायकोकडे धाडली!

मावशीने ती मशीनखाली घेतलीच नाही. फक्त इस्त्री फिरवली. सणाच्या दिवशी तिने सिल्वेस्टरला झगा चढवला, वर केप.

"इझाबेल, राहू दे गं. चारचौघांत शोभा होईल," तो पुटपुटला.

"होऊ दे. लेकीच्या पाठीशी उभा राहिलास, चोरी नाय केलीस. चल."

मीही निघाले. मिरवणुकीसाठी मूर्ती चर्चबाहेर येत होती, तेवढ्यात मंडळाचा प्रमुख लुइस तरातरा आला.

"सिल्वेस्टर, काढ ती केप. तुझं नाव नाय आता वहीत."

मावशी मध्ये शिरली नाही. उलट बाजूला सरली.

"तूच काढ, लुइस. तुझ्या हाताने. सगळं गाव बघतंय ना, बघू दे."

बँडवाले थांबले. लुइसने हात पुढे केला. सिल्वेस्टरला खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं, पण तो जागचा हलला नाही. लुइसचा हात खाली गेला.

"बरं, सगळ्यात मागे चाल."

"तो मूर्तीजवळच चालतो," मावशी म्हणाली आणि नवऱ्याला तिथे नेऊन उभं केलं. मला एवढा आनंद झाला की मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

जानेवारीत सिल्वेस्टर गेला. शवपेटी घरातच होती, त्याच्या अंगावर झगा आणि तीच केप. लुइस मंडळातल्या दोघांना घेऊन दारात आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "केप मंडळाची आहे, इझाबेल. पेटी बंद करण्याआधी..."

मावशीने शिवणाचा डबा उघडला. सुईत दुहेरी दोरा ओवला, पेटीपाशी गुडघे टेकले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती केप खालच्या झग्याला गळ्यापासून खांद्यापर्यंत टाके घालून शिवून टाकली.