तिसऱ्या वळणावरची ओकोमाबाई

जपानातल्या ओचिकुराच्या खोऱ्यात बस उतरणीला लागली की तिसऱ्या वळणावर हात्सुएबाई ओचिआई गाडी थांबवतात, रिव्हर्स टाकतात आणि चाकाचा एक फेरा होईल एवढी गाडी मागे घेतात. मग पुन्हा पुढे. समोर कुणी नसतं. नेहमीची माणसं मांडीवरची पिशवी तेवढी घट्ट धरतात आणि गप्पा चालूच ठेवतात. एखादा नवखा मात्र ओरडतोच, "अहो बाई, रस्ता मोकळा आहे की!"

"तुम्हाला दिसतोय मोकळा," बाई आरशातून म्हणतात. "तुम्ही तिकीट दाखवा, रस्ता नका दाखवू."

एकतीस वर्षं हे असंच चाललंय. 'विनाकारण गाडी मागे घेऊ नये' असा कंपनीचा कागद दोनदा आला. दोन्ही कागदांत बाईंनी लोणच्याचे मुळे गुंडाळून शेजारी वाटले. बाई आता अठ्ठावन्नच्या आहेत. उंचीने एवढ्याशा, खाली जाड उशी घेतल्याशिवाय काचेतून रस्ता दिसत नाही, आणि आवाज मात्र असा की हॉर्नची गरज नाही. लग्न केलं नाही. का, म्हणून कुणी विचारलंच तर म्हणतात, "वेळापत्रकात बसलं नाही हो."

गाडी मागे घेण्याचं कारण असं. हात्सुएबाईंचे वडील किसाबुरो हेही याच रस्त्यावर बस चालवायचे. रस्ता एका गाडीपुरता. खोऱ्याचा नियम साधा: समोरासमोर दोन गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने मागे सरायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. चाळीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी किसाबुरो उतरत होते, उशीर झालेला, डोकं तापलेलं. तिसऱ्या वळणावर समोरून बस आली. दोन दिवे, इंजिनाचा आवाज, सगळं जागच्या जागी. किसाबुरोंना ठाऊक होतं की या मार्गावर दुसरी बसच नाही. ही तानुकीची थट्टा. ठुसकी, पोट सुटलेली, डोळ्यांभोवती काजळ सांडलेली ती रानातली जात. डोक्यावर पान ठेवून हवं ते रूप घेते आणि माणसाला वेडं बनवते. ह्या वळणावरच्या तानुकीला तर नावही होतं, ओकोमाबाई. एरवी किसाबुरो हसून मागे सरले असते. त्या दिवशी नाही सरले. हॉर्न दाबला आणि गाडी तशीच घातली.

धडक झालीच नाही. समोरची बस विरून गेली आणि रस्त्यावर एवढीशी ओकोमाबाई पडलेली दिसली. किसाबुरोंनी तिला स्वतःच्या डब्याच्या फडक्यात गुंडाळलं, वळणाच्या वर पुरलं, दगड ठेवला. नंतर लोकांनी तिथे छोटं देऊळ केलं. किसाबुरो ही गोष्ट शेवटच्या दिवसापर्यंत सांगायचे आणि दर वेळी शेवटी एकच वाक्य म्हणायचे, "माझं काय जात होतं मागे सरायला?" मुलीला ते वाक्य ऐकवत नसे.

आता खेळाचं सांगतो. गावच्या शाळेतले कान्झाकी मास्तर बदली होऊन गेले, तेव्हा जाताना एक पेटी हात्सुएबाईंना देऊन गेले. आत नाना आकारांचे फासे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी कुणी योद्धा, कुणी जादूगार व्हायचं, आपण काय करतो ते बोलायचं आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. हात्सुएबाईंना गोष्ट सांगायला काय, निमित्तच हवं होतं! दर रविवारी दुपारी गावच्या सभागृहात बैठक भरू लागली. एक्याऐंशी वर्षांच्या रित्सूआजी, ज्यांच्या घरचं कोन्याकू, म्हणजे कंदाच्या पिठाच्या लिबलिबीत वड्या, सगळं खोरं खातं, त्या खेळात परशू घेतलेला दांडगट योद्धा. आणि जन्मभर झाडं तोडलेले तोकुझोकाका खेळात झाडांशी बोलणारा नाजूक गंधर्व. तीन वर्षांत या दोघांनी अडतीस राक्षस लोळवले.

एक दिवस बैठकीत पुस्तक चाळताना बाईंना 'तानुकी' असं पान सापडलं. सात ओळी. 'लबाड प्राणी. प्रवाशांना लुटतो. मारल्यास पिशवीत खजिना मिळतो.' बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"लुटतो? कुणाला लुटलंय गं आमच्या ओकोमाबाईंनी?"

"माझा डबा पळवला होता एकदा," तोकुझोकाका म्हणाले.

"तो तुम्ही झोपलात म्हणून!"

त्याच आठवड्यात बाईंनी त्या पुस्तकाच्या ओसाकातल्या प्रकाशकाला चौदा पानी पत्र धाडलं. त्यात आपल्या हाताने रचलेला प्राणी: 'वळणावरची ओकोमा. समोरून येणाऱ्या गाडीचं रूप घेते. जो वाट देईल त्याच्या पिशवीत गरम भात सापडतो. हिच्याशी लढता येत नाही.' तिकडून मिनेगिशी नावाच्या संपादकाचं उत्तर आलं, की प्राण्यांचं नवं पुस्तक निघतंय, कल्पना गोड आहे, खेळून बघा आणि कळवा. बाई आठ दिवस बसमध्ये गात होत्या. पुस्तक देशभर जाणार, कुठल्या कुठल्या टेबलांवर अनोळखी माणसं ओकोमाबाईंना वाट देणार. बाबांनी जे केलं नाही ते हजार लोक करतील. एवढंच हवं होतं त्यांना, पण ते अगदी जिवापासून हवं होतं.

आणि खेळायला बसले तर घोटाळा! बाईंनी वर्णन केलं, डोंगरवाट, समोरून कंदील लावलेला गाडा खडखडत येतोय, काय करता?

"मागे सरते," रित्सूआजी म्हणाल्या.

"मीही सरतो," तोकुझोकाका. "आणि वाकून नमस्कार करतो."

"अहो, तुम्ही चढताय! नियमाने तुम्हाला वाट मिळायला हवी!"

"असू दे गं. गाड्यात म्हातारं माणूस असलं तर?"

गाडा गेला. पिशवीत गरम भात. खेळ खलास. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तर आजी गाडा दिसण्याआधीच मागे सरल्या. परशू पाजळून ड्रॅगनच्या घशात उडी घेणारी बाई! ओचिकुराची माणसं दुसरं काय करणार? ती दुकानाच्या दारातसुद्धा 'आधी तुम्ही' करत पाच मिनिटं उभी राहतात.

बाईंनी हे सगळं प्रामाणिकपणे कळवलं. मिनेगिशींचं उत्तर आलं: 'ओचिआईसान, जिला इजा होऊ शकत नाही ती प्राणी नव्हे, भिंत आहे. तिला जीव किती, आकडा घाला. येत्या रविवारी आमचे तीन खेळाडू घेऊन येतो. त्यांच्याबरोबर रंगला तर छापू. त्यानंतर पुस्तक छपाईला जाईल.'

आकडा घालायचा म्हणजे ती मरू शकते असं आपल्याच हाताने लिहायचं. बाईंनी दोन दिवस पेन्सिल चावली. शेवटी 'नऊ' लिहिलं आणि तळलेला तोफू घेऊन वळणावरच्या देवळाशी गेल्या. "हे बघा ओकोमाबाई," त्या दगडाला म्हणाल्या, "पुस्तकात जायचं तर एवढं सोसावं लागेल. ओसाकाची पोरं आहेत. चांगल्या घरची असतील, अशी आशा करू या."

रविवारी बाईंनीच त्यांना स्टेशनवरून बसने वर आणलं. मिनेगिशी, चष्मा आणि वही. दोन तरणे पोरगे. आणि चिआकी नावाची पोरगी, केस निळे, तोंडाचा पट्टा स्टेशनपासून सुरू, बाईंना लगेच 'ओबासान', म्हणजे मावशी, करून टाकलेलं. "ओबासान, काय रस्ता आहे हा! रोज चालवता? माझी आई तर आमच्या गल्लीत गाडी लावताना रडते!"

सभागृहात रित्सूआजींनी कोन्याकू, मुळ्याचं लोणचं, भाताचे गोळे असं टेबल भरून टाकलं होतं. पोरांनी खातखात खेळ सुरू केला. चिआकी धनुर्धारी. वेगात, हसतखिदळत पोरं डोंगर चढली आणि पलीकडे उतरणीला लागली. हात्सुएबाई रंगात आल्या. आवाज खाली आणला, चाकं खडखडवली, कंदील हलवले. "समोरून गाडा येतोय. वाट एकाच गाडीची. काय करता?"

"बाण मारते!" चिआकी म्हणाली.

मागे बसलेल्या रित्सूआजींच्या हातून चहाचा पेला सांडला.

"विचार करून सांग हो," बाई हळूच म्हणाल्या.

"केला! एवढ्या आडबाजूला, कंदील लावून? सापळाच आहे. मारते."

फासे पडले. नेम लागला. पुन्हा पडले, इजा किती ते ठरायला. चार आणि पाच. नऊ.

हात्सुएबाई फाशांकडे बघत राहिल्या. तीन वर्षांत त्यांनी एकदाही फाशाविरुद्ध शब्द काढला नव्हता. रित्सूआजींचा योद्धा दोनदा मेला तेव्हाही नाही. बाईंनी मांडीवर हात घट्ट धरले आणि सांगितलं, "गाडा विरून गेला. रस्त्यावर एक छोटी तानुकी पडलीय. बाण लागलाय. हलत नाहीये."

"झकास! पिशवी बघ, पिशवी," एक पोरगा म्हणाला.

"थांब रे," चिआकी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने हात्सुएबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे. "ओबासान, ही काही करणार नव्हती का आम्हाला?"

"नाही."

"मग आम्ही काय करायला हवं होतं?"

"काही नाही गं. थोडं मागे सरायचं होतं."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

चिआकी उठली. खुर्ची करकरत मागे ढकलली आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरली. "सरले," ती म्हणाली. "उशीर झाला, माहितीये. पण सरले. आणि माझ्या डब्यातला भात तिच्यापाशी ठेवते. फडकंही ठेवते. ए, तुम्ही दोघं काय बसलात? उठा!"

पोरगे उठले, सरले. तोकुझोकाका आणि रित्सूआजी खेळात नव्हतेच, तेही उठून सरले. मिनेगिशी एकटेच वही धरून बसले होते. आजींनी त्यांना डोळे वटारले तसे तेही खुर्चीसकट मागे गेले. टेबलापाशी राहिल्या एकट्या हात्सुएबाई.

पुढचं सांगायचं होतं आणि पुस्तकात पुढचं काहीच नव्हतं. रानात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, बंदुकीचा नुसता आवाज झाला तरी तानुकी मेल्यासारखी पडते आणि माणूस बेसावध झाला की पळते. बाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. पण आपल्या ओकोमाबाईंच्या बाबतीत असं म्हणण्याची हिंमत त्यांना कधी झाली नव्हती. बाबांची गोष्ट तिथेच संपायची, दर वेळी.

"तिचं पोट," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "तिचं पोट हललं."

"काय?" चिआकी ओरडली.

"एक डोळा किलकिला केलान. बघतेय, सगळे नीट मागे सरलेत का. सरलेत. आता उठली. बाण कडेला टाकला, लागलाच नव्हता नीट, केसात अडकला होता. भात उचलला. फडकंसुद्धा सोडलं नाही मेलीने!"

चिआकी टाळ्या पिटत नाचायला लागली, पोरं ओरडायला लागली आणि हात्सुएबाई हसता हसता रडत होत्या, नाक पुसायला टेबलावरचा नियमांचा कागदच घेतला.

"ओचिआईसान," मिनेगिशी भिंतीपाशी बसून म्हणाले, "हे नियमांत नाही."

"मग लिहून घ्या! वही कशाला आणलीत? जीव नऊ. नऊ संपले की पडते. पिशवी धुंडाळली तर मेलीच. पण मारणारा मागे सरला, तर उठते."

"किती वेळात सरायचं? मुदत हवी. एक फेरी? दोन?"

मिनेगिशींनी पेन्सिल सरसावली. रित्सूआजींनी किसाबुरोंना तरुणपणापासून पाहिलं होतं. त्या हात्सुएबाईंकडे बघत राहिल्या. बाईंनी डोळे कोरडे केले आणि बसमध्ये थांब्याचं नाव पुकारतात तशा खणखणीत आवाजात सांगितलं, "मुदत नाही. चाळीस वर्षांनी सरला, तरी उठते."

मिनेगिशींनी ते तसंच लिहून घेतलं.