लग्नात उतरवायची बाळी

पुरुषाच्या नाकात बाळी दिसली की माणसं आधी बाळीकडं बघतात, मग मिशीकडं, आणि मग दुसरीकडंच कुठंतरी तोंड करून हसतात. तोंड फिरवलं म्हणजे मला कळत नाही असं त्यांना वाटतं. अहो, खांदे हलतात की! कळायला लागल्यापासून मी हे हलणारे खांदे बघत आलोय.

हौस म्हणून टोचून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती. माझं नाक टोचलं तेव्हा मी बारा दिवसांचा होतो. माझ्या आधी आईचे तीन मुलगे गेले होते, एकही वर्षाचा झाला नाही. आमच्या कडेगाव भागात अशा घरात पोरगा झाला की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे. शेजारणीनं 'सापडला' म्हणून उचलून आणायचा, नाव दगडधोंड्यासारखं ठेवायचं आणि नाक टोचायचं. म्हणजे न्यायला येणाऱ्याला वाटावं, ही कुणाची तरी टाकून दिलेली पोरगी आहे, हिला नेऊन काय करायचंय! माझ्या बाबतीत हे सगळं यथासांग झालं. वर आईनं गावातल्या देवीला शब्द दिला. पोरगा जगला तर बाळी त्याच्या लग्नात, बोहल्यावर चढायच्या आधी, तुझ्या पायाशी उतरवीन. तोवर हात लावणार नाही.

मी जगलो, आणि सगळा घोळ तिथनं सुरू झाला.

शाळेत मला 'बाई' म्हणायचे. पोरं म्हणायची ते म्हणायचीच, एक गुरुजीसुद्धा हजेरी घेताना माझ्या नावापाशी आले की चष्म्यावरून बघून गालात हसायचे. कबड्डीत मला कुणी घेत नव्हतं, कारण बाळी धरली की मी जागेवर बसायचो. घरी येऊन मी दप्तर आपटायचो, भाकरी लोटून द्यायचो. आई चुलीपाशी बसून ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हसू द्यात. त्यांच्या घरातली पोरं मेली न्हाईत, म्हून हसाय येतंय त्यास्नी." वडील ह्या भांडणात कधी पडले नाहीत. मी नववीत असताना ते वारले आणि घरात आई आणि मी, दोघंच उरलो.

अठराव्या वर्षी गावातल्या पोरांबरोबर मीही फौजेच्या भरतीला गेलो. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस फौजेत असतो, त्यात नवल काही नाही. मैदानाबाहेर मी बाळी काढली आणि खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदा नाक हलकं झालं. काय पळालो त्या दिवशी! पास झालो. मेडिकलला आठ दिवसांनी या म्हणाले. आईला काही न सांगता ते आठ दिवस काढायचं ठरवलं होतं, पण ओठाच्या वर रुमाल धरून माणूस किती दिवस हिंडणार? सांगायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी टायफॉईडनं अंथरूण धरलं. आईनं माझं नाक बघितलं, खुंटीवरच्या पॅन्टचे खिसे तपासले आणि मी तापात बरळत असताना बाळी परत घातली. भोक आकसलं होतं, रक्त आलं. आठवड्यानं ताप उतरला. डॉक्टरच्या गोळ्यांनी उतरला हे मला कळत होतं, पण आईला कोण सांगणार? मेडिकलची तारीख तोवर निघून गेली होती.

मी शिकलेला माणूस. माझा नवसावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्यानंतर बाळी काढायचं धाडस झालं नाही, हे खरं सांगतो. मला साधा खोकला जरी झाला असता तरी आई माझ्या आधी झुरून मेली असती.

आयटीआय केलं आणि कराडला एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये चिकटलो. पोरांना लेथवर काम करायला शिकवायचं, अवजारं द्यायची, परत मोजून घ्यायची. नोकरी लागली तशी मामानं माझ्यासाठी पोरी बघायला सुरुवात केली. इथं खरी गंमत झाली. बाळी लग्नात उतरायची, आणि बाळीमुळं लग्न काही ठरंना!

एका घरी पोरीच्या चुलत्यानं पोहे खाता खाता मामाला विचारलं, "पोरगं देवीला सोडल्यालं तर न्हाई न्हवं?" दुसऱ्या घरी विचारलं, मी तमाशात नाचतो काय. मी समोर बसलो होतो हो! हातात बशी घेऊन, नवीन शर्ट घालून. तिसऱ्या घरी पोरीनं पडद्याआडनं बघितलं आणि आतल्या बायकांचं जे हसू सुटलं ते चहा येईपर्यंत थांबलं नाही.

घरी परत आल्यावर मामा आईला म्हणाला, "आक्का, एक दिस काढ गं. पोरगी बघून येऊ, सुपारी फुटली की घाल म्हणं परत."

आई म्हणाली, "ज्यास्नी बाळी नगं, त्यास्नी माझं लेकरू जित्तं नगं."

मामानं विषय सोडला. मी मात्र सोडला नाही. तोंडाला येईल ते बोललो. तुझ्या त्या देवीनं माझं वाटोळं केलं म्हणालो, तिघांच्या जागी मी मेलो असतो तर बरं झालं असतं म्हणालो. हे शेवटचं बोलायला नको होतं. आई उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

एक तासगावकडची पोरगी होती. मोठ्या माणसांनी आम्हाला गोठ्यापाशी बोलायला पाठवलं. मी खाली बघत उभा. ती म्हणाली, "दुखतं का हो?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "सर्दी झाल्यावर दुखतं." ती हसली, पण ते हसणं वेगळं होतं, मला पण हसू आलं. आठ दिवस मी हवेत होतो. वर्कशॉपमध्ये पोरांवर ओरडलो नाही, तर पोरंच घाबरली. मग मामाचा निरोप आला, पोरीच्या भावाला पसंत नाही. त्याचे दोस्त चिडवतील म्हणे. पुढं तिचं काय झालं मी चौकशी केली नाही. खोटं कशाला बोलू, एकदा केली. तिला दोन मुलं आहेत.

पस्तिशी ओलांडली तशी मामाचं येणं कमी झालं. पुढं मामाही गेला. भाऊबंदांनी विषय काढायचा सोडला. लग्नकार्यात मी गेलो की फोटोवाला म्हणायचा, "काका, जरा बाजूला सरका," आणि मी सरकायचो, पार मांडवाच्या बाहेर. सरकायला आता मला कुणी सांगायलाही लागत नाही. आई मात्र दर वर्षी कॅलेंडर आलं की माझ्यापुढं धरायची. तिला वाचता येत नाही. "मुहूर्त बघ रं, मे म्हयन्यात कवा कवा हायेत." मी चिडून वाचायचो, मुद्दाम भराभर. ती बोटांवर धरत बसायची.

कॉलेजात सुरुवातीला साहेबांनी बाळी काढायला सांगितलं. मी कारण सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तेव्हापासून पाहुणे, तपासणीवाले कुणी आले की मला स्टोअररूममध्ये काम निघू लागलं. डबा मी तिथंच खातो. सवय झाली.

कोरोना आला आणि सगळ्यांनी नाकातोंडाला मास्क लावला. बोलू नये, माणसं मरत होती, पण ती दोन वर्षं माझी सुखात गेली. बँकेतला माणूस माझ्याशी डोळ्यांत बघून बोलला. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं सरकून जागा दिली, कुठल्या गावचे विचारलं, पार विट्याच्या फाट्यापर्यंत आम्ही बोलत गेलो. मास्क गेला तेव्हा लोकांनी हुश्श केलं. मी त्यानंतर सहा महिने लावून हिंडलो, सर्दी आहे म्हणून सांगत.

आता पोरापोरींत हे सगळं सर्रास झालंय. कुणाच्या भुवईत कडी, कुणाच्या मानेवर पाखरू. तरी गेटवर बोलणी खातातच. "असल्यांना नोकरी कोण देणार," हे तर आमच्या स्टाफरूमचं ठरलेलं वाक्य. मागच्या वर्षी कंपनीच्या मुलाखती होत्या त्या दिवशी शेवटच्या वर्षाची एक पोरगी पळत माझ्याकडं आली. मनगटावर चांगला मोठा टॅटू, काही अक्षरं होती. म्हणाली, "काका, चिकटपट्टी द्या ना, पांढरी. भाजलंय म्हणून सांगते." मी दिली. तिला एका हातानं जमेना, मग मीच गुंडाळून दिली. ती माझ्या नाकाकडं बघत म्हणाली, "तुम्ही कसं काय सरळ उघडं घालता? तुम्हाला कुणी काही बोलत नाही?"

सांगायचं होतं, बस गं जरा, सगळं सांगतो. पण मी म्हणालो, "तुझी वेळ झाली, जा." आणि ती गेली. असा मी गाढव. जन्मभर कुणी विचारावं म्हणून झुरायचं आणि विचारलं की हाकलून लावायचं.

गेल्या थंडीत आईला दम लागला म्हणून सांगलीला दवाखान्यात ठेवलं. बायकांचा वॉर्ड, तिच्याजवळ थांबायला मी एकटा, आणि त्यात नाकात बाळी. दोन पोरी मोबाईल तोंडापुढं धरून माझा फोटो काढताना मी बघितल्या. आईनंही बघितल्या. गावात लोकांच्या डोळ्यांना सवय झाली होती, बाहेरचं जग कसं हसतं हे तिनं इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर जतकडची एक म्हातारी होती. सगळ्या वॉर्डात तीच एक हसली नाही. तिनं आईला विचारलं, "नवसाचा हाय व्हय?"

"व्हय."

"किती गेली?"

"तीन."

"माझी दोन," ती म्हणाली. मग अगदी मायेनं, "उतरवायची कवा?"

"लगनात," आई म्हणाली.

"आन् लगीन कवा हाय?"

मी मोसंबी सोलत होतो. आईनं भिंतीकडं कूस वळवली. म्हातारीला वाटलं तिला झोप आली, तिनं मलाच हळू विचारलं, "पोरगी बघितलीया न्हवं?" मी हो म्हणालो.

घरी आल्यावर दुसऱ्या शुक्रवारी सकाळी मी डबा भरत होतो तर आई म्हणाली, "आज रजा टाक. देवळात जायाचंय." बरी झाली म्हणून नमस्कार करायचा असेल असं मला वाटलं. माझ्या हाताला धरून, तीन ठिकाणी थांबत ती देवळापर्यंत आली. पायरीवर बसली. म्हणाली, "बस हितं. तोंड हिकडं कर."

तिचे हात नाकाशी आले तेव्हाही मला कळलं नाही. मग बाळीच्या तारेचं टोक हललं.

"आये, काय करतीयास?"

"उतरवती."

"अगं पण ती तर लग्नात..."

"आता कोण यायचं न्हाई, लेकरा." रडून नाही, रागानं नाही, दूध नासलंय हे सांगावं तशी म्हणाली.

ज्या दिवसासाठी मी चाळीस वर्षं भांडलो तो दिवस आला होता, आणि मी तिचं मनगट घट्ट धरलं. "ऱ्हाऊ दे की गं," म्हणालो. "ऱ्हाऊ दे अजून थोडं दिस." माझंच मला खरं वाटेना. बाळीमुळं मी एकटा पडलो असंच आजवर म्हणत आलो होतो. पण ती नाकात होती तोवर माझं लग्न होणार असं मानणारं एक माणूस तरी जगात होतं. आईनंच आता तसं मानायचं सोडून दिलं होतं.

"सोड माझा हात," ती म्हणाली. "मी हाय तवर निघू दे. माझ्या माघारी तुझी बाळी उतरवाय कोण हाय?"

मी हात सोडला. तार घट्ट बसली होती, तिला नीट दिसत नव्हतं. पायरीवरच्या पणतीतलं तेल बोटाला लावून तिनं ती हळूहळू फिरवली. दुखलं, पण मी हूं केलं नाही. निघाली.

मग ती एकटीच गाभाऱ्यात गेली, भिंतीला धरून. बाळी देवीच्या पायाशी ठेवली आणि हात जोडून मोठ्यानं, बाहेर मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पोरगं जगवलंस, तुझं उपकार हायेत. मला त्येचं लगीन करता आलं न्हाई. माफी कर."

मी बाहेर पायरीवर बसून होतो. उठून आत जायला पाहिजे होतं, पण उठता आलं नाही.