गाजरगवताचा भारा

हिंजवडीतल्या नोकरीपायी आम्ही अकोल्याहून नांदे गावात आलो तेव्हा लेक दहा महिन्यांची होती. तिला गाईचं दूध पचेना. बिल्डिंगमागे शेळी पाळणाऱ्या मावशी राहायच्या, त्यांच्या शेळीचं मात्र घटाघटा प्यायची. सगळी भिस्त त्या एका शेळीवर.

श्रावणात मावशींचा पाय मुरगळला. सून पहाटे धार काढून मजुरीला जायची, शेळी दिवसभर बांधलेली. म्हटलं, आपणही हातभार लावावा. समोरच्या खणून ठेवलेल्या प्लॉटवर कमरेएवढं हिरवंगार माजलं होतं. कातरलेली नाजूक पानं, वर बारीक पांढऱ्या फुलांची पखरण. सकाळी भारा कापायचा, शेळीपुढे टाकायचा आणि कंपनीची कॅब पकडायची. दोन दिवस मोठ्या ऐटीत केलं.

तिसऱ्या दिवशी लेकीने दूध थुंकलं. चाखलं तर कडूजहर! माझं डोकंच फिरलं. तशीच पातेलं घेऊन गेले. "मावशी, लेकराच्या तोंडचं दूध हो! काय कालवलंत यात?"

मावशींनी बोट बुडवून चाटलं. चेहरा उतरला. "शेळीच बिघडली म्हनायची. बाजारात इकून टाकते." बिघडलेली शेळी कसायाशिवाय कोण घेणार, हे मलाही कळत होतं. तरी मी पातेलं त्यांच्यापुढे आदळलं.

काठी टेकत त्या शेळीपाशी गेल्या, पायाखालची एक काडी उचलली. "ह्ये कुनी टाकलं?"

"मी."

"आगं बया! गाजरगवत हाय ह्ये. मोकळी आसती तर तोंड लावलं नसतं. बांधल्याली, भुकेली, काय करंल?" पान चुरगळून त्यांनी पुढे धरलं. "जिभंला लावा."

लावलं. दुधातलं तेच कडू. आमच्या अकोल्यातही हे गवत रस्तोरस्ती असायचं. मी मेली कधी वाकून बघितलं असेल तर शपथ. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाया पडले. "जाऊ द्या ताई, लेकरापायी बोल्लात," मावशी म्हणाल्या.

शेळी राहिली, चार दिवसांत दूधही गोड झालं. पाय बरा झाल्यावर मावशी स्वतः धार काढू लागल्या. पण पातेल्यात ओतण्याआधी थोडं दूध तळहातावर घ्यायच्या, माझ्यादेखत चाटायच्या, मगच ओतायच्या.

"नका हो मावशी," मी रोज म्हणायचे. त्या नुसत्या हसायच्या. लेक ग्लासने प्यायला लागली तरी त्यांनी ते सोडलं नाही.