सांगलीची स्वस्ताई

त्र्याहत्तर सालच्या श्रावणात गिरणीच्या फाटकाशी नोटीस लागली आणि पारूबाईचं डोकं फिरलं ते फिरलंच.

एकाच मालकाच्या दोन सूतगिरण्या होत्या. एक सांगलीत, एक साताऱ्यात. काम तेच, पगार तोच, पण साताऱ्याच्या कामगाराला महागाई भत्ता महिन्याला अठरा रुपये जास्त. वर्षभर सांगलीवाले विचारत होते, असं का? त्याचं उत्तर आता भिंतीवर चिकटवलं होतं. कंपनीनं म्हणे माणूस नेमून दोन्ही गावचे भाव काढले होते आणि सांगलीत राहायला स्वस्त पडतं असं ठरवलं होतं.

युनियनचा मानसिंग नोटीस वाचून दाखवत होता. पारूबाई गर्दीतून पुढं घुसली.

"स्वस्त? कंच्या दुकानात स्वस्त? मला न्या की तितं!"

"आक्का, माज्यावर का वराडतीस? मी लिवलंय व्हय?"

"मग ज्येनं लिवलंय त्येला हुडीक. कशाचा काय भाव लावलाय, मला बघू दे."

ती पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या खेड्यातली. छप्पन साली बापानं बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. चावडीवरून जाताना चपला हातात घ्यायच्या नाहीत, असं बापानं त्या दिवशी पोरींना बजावलं आणि त्यापायी पुढं दोनदा मारही खाल्ला. लग्न होऊन ती सांगलीत आली. नवरा धनाजी हळदीच्या पेठेत हमाल, ती गिरणीत कातणखात्यात. तोंडाची फटकळ म्हणून मुकादमसुद्धा तिच्या वाटेला जात नसे.

आठ दिवसांनी मानसिंगनं भावांचा कागद मिळवला. तेल, गूळ, चहा, रॉकेल, सगळ्यांचे भाव दोन्ही गावांत पाच-दहा पैशांच्या फरकानं सारखेच होते. मग त्यानं ज्वारी वाचली. सातारा, किलोला एक रुपया साठ पैसे. सांगली, नव्वद पैसे.

"थांब," पारूबाई म्हणाली. "नव्वद पैशाला रेशनवर मिलो मिळती. परदेशातनं आल्याली, तांबडी. ती ज्वारी कवापास्नं झाली?"

दुष्काळापासून ही मिलो घरोघर आली होती. थापताना भाकरी फाटायची आणि खाल्ली की पोरं पोट धरून बसायची. तीही कार्डावर मिळायची ती चार दिवसांपुरती. बाकीच्या दिवसांचा शाळू, म्हणजे आपली पांढरी ज्वारी, गणपती पेठेतून एक पासष्टनं आणावा लागे. तो भाव कागदावर कुठंच नव्हता.

घरी धनाजी म्हणाला, "गप ऱ्हा. हाय ती नोकरी घालवून बसशील."

"तुमी तुमची पोती उचला. ह्ये मी उचलते."

गुरुवारी गिरणीला सुट्टी. पारूबाई पहाटेच्या एसटीनं निघाली. इस्लामपूर, कराड करत दहाच्या सुमारास साताऱ्यात उतरली. तिथल्या गिरणीतली शालूबाई तिच्या ओळखीची होती. दोघी पेठेत गेल्या. शाळू एक साठ. मग रेशनच्या दुकानात गेल्या. पोत्यात तीच तांबडी मिलो होती आणि पाटीवर तोच नव्वद पैशांचा भाव.

"कंपनीचा मानूस भाव इचारायला हितं आलता?" पारूबाईनं दुकानदाराला विचारलं.

"न्हाई बा. त्यो कागद घिऊन पेठंत हिंडत हुता."

पारूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगलीत रेशनचा भाव घ्यायचा, साताऱ्यात पेठेचा, आणि वर म्हणायचं सांगली स्वस्त! तिनं शाळूची एक आणि मिलोची एक पुरचुंडी पदराला बांधली.

शालूबाईनं तिचा हात धरला. "पारू, ह्ये कुनाला सांगू नगंस. तुमचं वाढायचं ऱ्हाईल बाजूला, आमचं मातुर कापत्याल."

"म्हंजी आमी मिलो खायाची आन तुमी शाळू?"

"मीबी मिलोच खाते गं. त्या अठरा रुपयांत सासूचं औषीद येतंय."

शालूबाईनं चहाला चल म्हणून आग्रह केला, तो झिडकारून पारूबाई एसटीत येऊन बसली. शालूबाई चुकीचं बोलत नव्हती, तेच तिला सोसत नव्हतं.

तरी सोमवारी ती मानसिंगबरोबर मॅनेजरच्या खोलीत गेली. भाव काढणारा नानासो तिथंच होता, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, घाबरट डोळ्यांचा. पारूबाईनं दोन्ही पुरचुंड्या टेबलावर सोडल्या.

"सायेब, ह्यातली ज्वारी कंची?"

"दोन्ही ज्वारीच. एक पांढरी, एक लाल."

"आन तू रं?" ती नानासोकडं वळली. "तूबी असंच शिकलास?"

नानासोनं मान खाली घातली. "मला सांगलीत रेशनचा भाव घ्या म्हणाले आणि साताऱ्यात पेठेचा."

"कुनी म्हनालं?"

त्यानं मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजरनं घसा खाकरला. "बरं. तुमचं म्हणणं मान्य. दोन्हीकडं एकच भाव धरू. दोन्हीकडं रेशनचा."

शालूबाई बोलली होती तसंच झालं, साताऱ्याचे अठरा रुपये कापले गेले. पारूबाईनं मिलोची पुरचुंडी मॅनेजरपुढं सरकवली. "ही घरला न्या. बाईसायबांस्नी भाकरी थापाय सांगा. आठ दिस त्येच खावा, आन मग भाव धरा."

रात्रीच्या सभेत सांगलीवाल्यांनी संप ठरवला आणि दुसऱ्या दिवशी खाडा करून ती पुन्हा साताऱ्याला गेली. बातमी दुसऱ्या तोंडून पोचण्याआधी तिथल्या फाटकात उभी राहून तिनं सगळं स्वतः सांगितलं. "माज्यामुळं झालंय. शिव्या द्या, मी ऐकते. पर उद्यापास्नं मशिनी बंद ठिवा. आमीबी ठिवतोय."

शिव्या मिळाल्या. पहिली शिवी शालूबाईची होती. पण सकाळी मशीन बंद करणाऱ्यांतही तीच पहिली होती.

दोन्ही गिरण्या सतरा दिवस बंद राहिल्या. अठराव्या दिवशी मालक नमला. दोन्हीकडं पेठेचा भाव, दोन्हीकडं सारखा भत्ता. मागच्या वर्षाचा फरक मात्र त्यानं दिला नाही, आणि पारूबाईला कातणखात्यातून काढून कचरा कापूस निवडायच्या धुळीच्या कामावर टाकलं. मानसिंग हार घेऊन आला, तेव्हा तिनं तो घालून घेतला नाही.

"नानासो कुटं हाय?" तिनं विचारलं.

"त्येला काढला की. खोटे भाव लिवलं म्हनून."

"ज्येनं लिवाय लावलं त्यो खुर्चीत, आन खरं बोलला त्यो घरी? आन तुमी हार वाटतायसा?"

"आक्का, त्यो आपल्या युनियनचा मेंबर न्हाई."

मॅनेजरपुढंही पारूबाई इतकी पेटली नव्हती. पुढचे तीन महिने प्रत्येक सभेत ती उठायची आणि नानासोचं नाव घ्यायची. लोक म्हणायचे, बाईला जिंकलेलं पचत नाही. शेवटी नानासोला परत घ्या म्हणून मानसिंगनं मॅनेजरला एक अर्ज दिला. त्याला उत्तर आलं नाही. नानासो मिरजेला एका पेढीवर लागल्याचं पुढं कधीतरी कळलं. त्यानंतरही पारूबाई सभेला जायची, पण वर्गणी सोडली तर युनियनला तिनं पुन्हा काही दिलं नाही. टाळीसुद्धा नाही.