दाजींचं अ‍ॅव्हरेज

दाजींच्या दोन पायांत दोन वेगळे बूट असायचे. डाव्या पायात कंपनीचा जड सेफ्टी शू आणि उजव्या पायात पातळ तळव्याचा, झिजून मऊ झालेला कॅनव्हासचा बूट. गेटवरच्या सिक्युरिटीने सुरुवातीला हरकत घेतली होती म्हणे. मग आमच्या टेस्टिंगच्या साहेबांनीच वर बोलून परवानगी मिळवून दिली, कारण या माणसाच्या उजव्या पायावर आमचा अख्खा विभाग चालायचा. "जाड तळव्यातनं इंजिन काय म्हनतंय ते वर येत न्हाई," एवढंच दाजींचं स्पष्टीकरण.

दाजी चाकणला आमच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होते. मूळचे मावळातले, पण पुनावळ्याची मुलगी केली आणि सासुरवाडीतच राहिले. त्यामुळे अख्ख्या पुनावळ्याचे ते दाजी. गावातल्या दोघातिघांनी ते नाव कंपनीत आणलं आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. मी बीडकडची. इंजिनिअर होऊन रहाटणीत भावाकडे राहायला आले आणि या खात्यात लागले. त्या वर्षी आमची एक छोटी एसयूव्ही बाजारात यायची होती. रस्त्यावर ती खरोखर किती अ‍ॅव्हरेज देते हे शोधणं हे आमचं काम. गाडी दाजी चालवायचे आणि शेजारच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन मी बसायचे.

प्रयोगशाळेत गाडी रोलरवर पळते. तिथे वारा नाही, खड्डा नाही, मोशीचा सिग्नल नाही. तिथला आकडा सुंदर येतो आणि तोच जाहिरातीत जातो. आम्ही शोधायचो तो दुसरा आकडा, ज्यावरून पुढे गिऱ्हाईक शोरूममध्ये येऊन भांडतं. चाकणहून तळेगाव, तिथून हायवेने खाली, चिंचवडच्या गर्दीतून नाशिक फाटा, मोशी आणि परत चाकण, अशी आमची फेरी. रोज एकाच पंपावर, एकाच नळीने टाकी भरायची आणि नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं. पंपावरचा माणूस सवयीने आणखी थोडं भरायला जायचा तेव्हा दाजी त्याचा हात हलकेच बाजूला करायचे.

मला त्या रस्त्याची भीती वाटायची. कंटेनरची चाकं माझ्या खिडकीच्या उंचीला यायची आणि पहिला आठवडाभर माझी मूठ दाराच्या हँडलवरून सुटली नाही. दाजींनी ते पाहिलं होतं, पण हसले नाहीत. ते म्हणाले, "भ्या असावं म्याडम. ज्याला भ्या न्हाई त्याच्या गाडीत मी बसत न्हाई." मग त्यांनी मला रस्ता वाचायला शिकवला. पुढच्या गाडीकडे बघायचं नाही, तिच्याही पुढची काय करते ते बघायचं. दाजी ब्रेक जवळजवळ लावतच नसत. दोनशे पावलांवरचा ट्रक मंदावणार हे त्यांना आधीच कळायचं आणि पाय आपसूक वर यायचा. "ब्रेक मारला म्हंजी चूक आदीच झालेली असती," असं ते म्हणत.

एकदा साहेब वरच्यांच्या दबावाखाली होते. ते म्हणाले, एसी बंद ठेवून एक फेरी मारा, टायरमध्ये थोडी हवा जास्त भरा, आकडा बरा दिसेल. दाजींनी टोपी काढून हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, "साहेब, ज्याच्या मांडीवर तान्हं पोर हाय, तो मे म्हैन्यात एसी बंद ठिवंल का?" फेरी एसी लावूनच झाली. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांचाही त्यांना मनापासून राग होता. त्या गाडीत बायकापोरं असतात, म्हणायचे. तोवर दाजी मला "म्याडम" ऐवजी "पोरी" म्हणायला लागले होते.

त्या हिवाळ्यात आमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडायला लागलं.

आधी लिटरला साडेअठरा मिळत होतं, ते अठरा झालं, मग सतरा. टायर तपासले, इंजेक्टर बदलले, पेट्रोलचा नमुना पाठवला. काही सापडेना म्हणून दाजींना त्याच मॉडेलची दुसरी गाडी दिली. आठवड्याभरात तीही सतरावर आली. आमची जुनी गाडी सतीश नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली होती. ती पुन्हा अठरावर चढली. साहेबांनी खांदे उडवले, हवामान असेल म्हणाले. मी मात्र जागेवर बसून लॅपटॉपमधले आलेख उघडले.

पेडल किती दाबलं जातंय ते दाखवणारी दाजींच्या अ‍ॅक्सिलरेटरची रेघ मला पाठ होती. तळ्यातलं पाणी सकाळी जसं असतं तशी ती असायची. आता तिला बारीक दाते पडले होते. एका सेकंदात चार, कधी पाच, अगदी एकसारखे. मला वाटलं सेन्सरची वायर सैल आहे. सेन्सर बदलून घेतला, तरी दाते तसेच. सतीशच्या फेऱ्यांत ते नव्हते. मग लक्षात आलं की दाजी पेडल दाबत असताना किंवा सोडत असताना रेघ साफ असते. पाय एका जागी नुसता टेकलेला असला की दाते उगवतात. बीडला आमच्या शेजारच्या मास्तरांचा हात असाच हलायचा, मांडीवर नुसता ठेवला की. पेला उचलताना थांबायचा.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर मी खाली पाहिलं. कॅनव्हासच्या बुटाचं टोक थरथरत होतं. मी मान वर केली तर दाजी माझ्याकडेच बघत होते. लगेच त्यांनी नजर रस्त्यावर नेली. मी लॅपटॉप उघडला.

यानंतरचे दोन आठवडे आठवले की अजूनही माझे तळहात ओले होतात. रोज सकाळी मी ठरवायचे की आज बोलायचं. मग दाजी डब्यातली भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढे करायचे आणि माझं तोंड बंद व्हायचं. मी काय सांगणार होते? ज्या पायामुळे सगळी कंपनी त्यांना ओळखते तो पाय गेला, हे? ते दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. मी नवी मुलगी, साहेबांकडे गेले तर कालची पोरगी दाजींवर उठली असं लोक म्हणतील, हीसुद्धा भीती होती. ती कबूल करायला लाज वाटते, पण होती. आणि शेजारी बसल्यावर वेगळीच भीती. दाजींचे ब्रेक आता उशिरा आणि जोरात लागत होते. प्रत्येक वेळी पट्टा छातीत रुतायचा आणि दाजी पुटपुटायचे, "आलं, आलं ध्यानात." मी आलेख जतन करायचे आणि फाइल बंद करायचे. कुणी विचारलं तर सांगेन, असं स्वतःला समजावायचे. कुणी विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी, सकाळच्या फेरीत, तळेगावच्या अलीकडे दुभाजकाच्या फटीतून एक मोटरसायकल आडवी आली. पुढे नवरा, मागे बायको, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. अंतर पुरेसं होतं. पूर्वीच्या दाजींनी तर ती फट येण्याआधीच पाय काढला असता. मी वाट पाहिली. गाडी मंदावली नाही. मी खाली पाहिलं तर त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला होता, पण ब्रेकपर्यंत पोहोचत नव्हता. दोन्हींच्या मध्ये, हवेत, तो नुसता अडकला होता. दाजी त्या पायाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागची चाकं किंचाळली, गाडीचं बूड तिरकं झालं, आणि तेवढ्यात दाजींचा पाय कसाबसा ब्रेकवर पडला. आम्ही थांबलो तेव्हा त्या बाईचा गुडघा आणि आमचा बंपर यांच्यात हातभर जागा होती. ती ओरडली नाही. तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं, पिशवी छातीशी धरली, आणि नवऱ्याने गाडी पुढे काढली.

दाजींनी कडेला गाडी घेतली, इंजिन बंद केलं. किल्ली काढून माझ्या लॅपटॉपवर ठेवली. मग विचारलं, "तुझ्या मशिनीत दिसतंय न्हवं?"

मी हो म्हणाले.

"कवापासनं?"

"दोन आठवडे झाले, दाजी."

त्यांनी मान हलवली. "मला दोन म्हैनं झालं. आदी वाटलं थंडीनं व्हतंय. मग त्या दिवशी तू खाली बघितलंस. म्हनलं, आता पोरगी बोलंल. तू बोलली न्हाईस. मला वाटलं, म्हंजी तेवढं काय न्हाई. तू गप ऱ्हायलीस, आन मी चालवत ऱ्हायलो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी रडायला लागले. तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला कळलं की त्यांचं सगळं अंग कापतंय. ते कापणं आजाराचं नव्हतं. त्या बाईचा चेहरा त्यांनीही पाहिला होता. "मी मारलं असतं गं तिला," ते म्हणाले. "मी."

परतताना गाडी मी चालवली. लायसन्स होतं, पण असल्या रस्त्यावर मी कधी चालवली नव्हती. आयुष्यभर उजवीकडे बसलेला माणूस पहिल्यांदा डावीकडे बसला आणि त्याने दाराचं हँडल घट्ट धरलं. त्यांनी एकही सूचना केली नाही. कंटेनर जवळून गेला की डोळे मिटायचे, एवढंच. चाकण येईपर्यंत आम्ही दोघंही घामाने भिजलो होतो.

मला वाटलं होतं साहेबांना मी सांगायचं. पण दाजी माझ्या आधी केबिनमध्ये गेले आणि सगळं उभ्यानेच सांगितलं, मोटरसायकलसकट. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, आधी डॉक्टरला दाखवू, बाकी पुढे बघू. दाजी म्हणाले, "ते व्हईल. पर येक काम आजच करा. गेल्या दोन म्हैन्यांचं माझं सगळं आकडं काढून टाका. ते गाडीचं न्हाईत, माझं हाईत. गाडी चांगली हाय."

मग मीही सांगितलं की मला दोन आठवड्यांपासून माहीत होतं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून माझी प्रत्येक फाइल ते स्वतः उघडून पाहायला लागले.

चिंचवडच्या एका डॉक्टरांनी नाव सांगितलं, पार्किन्सन. दाजींना तो शब्द कधीच नीट म्हणता आला नाही. ते त्याला "पारकं" म्हणायचे. पारकं आलंय पायात, म्हणायचे. गोळ्यांनी थरथर बरीच कमी झाली. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी तपासून गाडीचं ठरवू. दाजींनी तपासायची वाट पाहिली नाही. लायसन्स लताकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या हातात दिलं आणि कपाटात ठेवायला सांगितलं. कंपनीने त्यांना नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम दिलं. ते वर्षभर त्यांनी केलं, मग चालणं अवघड झालं आणि ते घरी बसले. गाडी बाजारात गेली तेव्हा आमच्या अहवालातला रस्त्यावरचा आकडा अठराच्या थोडा वर होता. ते थोडंसं वरचं दाजींच्या चांगल्या दिवसांतलं होतं.

आता त्या खात्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. एखाद्या ड्रायव्हरची रेघ वेगळी दिसली की मी फाइल बंद करत नाही. उठते, पार्किंगमध्ये जाते आणि त्याला विचारते. झोप झाली नाही का, डोळे दाखवले का, घरी काही आहे का. दरवेळी छातीत धडधडतं. कधी माणूस चिडतो, कधी तोडून बोलतो. एकाने नोकरी सोडली. तरी त्याच दिवशी विचारते.

रविवारी मी पुनावळ्याला जाते. दाजींचा पाय आता घराच्या उंबऱ्यावर अडकतो, तसाच हवेत, आणि लताकाकू दंड धरून उभ्या राहतात. अलीकडे त्यांचा आवाजही बसत चाललाय. शब्द ओठांतच राहतात. गेल्या महिन्यात ते काहीतरी बराच वेळ सांगत होते आणि मी मान डोलवत होते. ते थांबले. माझं मनगट धरलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "कळलं न्हाई तर कळलं म्हनू नगं. पुन्यांदा इचार."

म्हणून मी विचारते. एकदा, दोनदा, कधी तिसऱ्यांदा. ज्या रविवारी किती विचारलं तरी काहीच कळणार नाही, तो रविवार येणार आहे हे मला ठाऊक आहे. त्याच्या भीतीने शनिवारपासूनच माझं कशात लक्ष लागत नाही. तिथे पोहोचल्यावर मात्र खुर्ची अगदी जवळ ओढते, त्यांच्या तोंडाशी कान नेते आणि खरं ते सांगते, "नाही कळलं, दाजी." आणि ते ओठ ओले करून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतात.