स्पोर्ट्स कारला ट्रॅक्टरचे टायर

ट्रॅक्टरचे टायर पन्नासच्या पुढं गेलं की नाचतात, अशी तक्रार माझ्या नोकरीत पहिल्यांदाच आली होती. दौंडच्या आमच्या डीलरनं, म्हणजे शेठनी, ती फोनवर सांगितली तेव्हा मी विचारलं, "शेठ, पन्नासनं पळणारा ट्रॅक्टर कुणी काढला?"

"तुम्ही या तर खरं," शेठ म्हणाले. "गिऱ्हाईक दुकानात बसलंय. चारही टायर डिफेक्टिव्ह आहेत म्हणतंय."

मी तेव्हा एका टायर कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. नाव भारदस्त, काम साधं. गिऱ्हाइकानं टायर खराब निघाला म्हणून भरपाई मागितली, की त्याला आमच्याकडं क्लेम म्हणायचे. मी जाऊन टायर तपासायचा आणि दोष कंपनीचा की वापरणाऱ्याचा, ते सांगायचं. बहुतेक वेळा दोष वापरणाऱ्याचाच निघायचा. थोडक्यात, लोकांना नाही म्हणण्याचा पगार मी घेत होतो, आणि शिरूर, दौंड या दोन तालुक्यांतली गावं माझ्याच वाट्याला होती. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती.

दुकानासमोर गाडी लावली आणि ट्रॅक्टर शोधायला लागलो. ट्रॅक्टर नव्हताच. उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मधे एक बुटकी, लांब नाकाची, हिरवी गाडी उभी होती. दोनच सीट. कापडी टप. चाकांना सायकलसारखे स्पोक. जुनी विलायती स्पोर्ट्स कार. अशी गाडी मी कॉलेजात असताना फक्त फोटोत पाहिली होती. मी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि खाली बघितल्यावर मला हसू आवरेना. चारही चाकांना ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे टायर होते.

गाडीचे मालक मांडवगण फराट्याचे आप्पा. धोतर, टोपी, पांढऱ्या मिशा. त्यांचे वडील मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. आप्पांच्या पायालाही तेच चक्र होतं, फक्त मेंढरांच्या जागी मोटारी आल्या. तरुणपणी ते पुण्यात एका साहेबाकडं ड्रायव्हर होते. साहेब देश सोडून गेला तेव्हा ही गाडी आप्पांना देऊन गेला. पुढं आप्पा गावी येऊन शेती करू लागले, तरी गाडी सोडली नाही. गावात तिला आप्पांची होडी म्हणत.

"आप्पा, हे टायर कुणी सुचवले?" मी विचारलं.

"सुचवायचं काय त्यात? नंबर बघून घेतलं. जुन्या टायरवर सहा-सोळा हुतं, ह्याच्यावर बी सहा-सोळा. जुन्याला बी अशाच उभ्या रेघा हुत्या. आन् ह्यो आठ प्लायचा. एकदा घातला की माझ्या हयातीत बघायला नको."

मी शेठकडं पाहिलं. शेठ छताकडं बघत होते. टायर त्यांच्याच काउंटरवरून गेले होते.

आता यात आप्पांची चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती आमच्या भागातच होऊ शकते. टायरवरच्या नंबरात पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. सहा-सोळा हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं, जीपचं आणि योगायोगानं त्या विलायती गाडीचंही. पण माप सारखं असलं म्हणजे काम सारखं नसतं. शर्टाचा आणि स्वेटरचा नंबर एकच असू शकतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरला तीन जाड रेघा असतात, त्या नांगरलेल्या मातीत रुतून चाक सरळ ठेवायला. डांबरी रस्त्यावर पळायला तो केलेलाच नसतो. आणि प्लाय म्हणजे टायरच्या आतल्या दोऱ्यांच्या थरांची ताकद. ऊस वाहणाऱ्या मुलखात सगळ्यांची एकच अक्कल: जितके प्लाय जास्त तितका टायर चांगला. टनांनी ऊस लादायचा असेल तर ते बरोबरच आहे. पण दोन माणसांच्या हलक्या गाडीला असा टायर म्हणजे लाकडी चाक. तो दबतच नाही. प्रत्येक खड्डा थेट स्टिअरिंगवर येतो, आणि स्पीड वाढला की गाडी थयथयाट करते.

मी शेठच्या फोनवरून पुण्याला आमच्या मॅनेजरना कळवलं.

"स्पोर्ट्स कार? दौंडमध्ये?" ते म्हणाले. "तुम्ही जेवलात ना नीट?"

"हो साहेब. ट्रॅक्टरचे टायर घातलेत तिला."

"मग त्यात विचारायचं काय? रिजेक्ट करा आणि कुरकुंभला जा. तिथल्या ट्रकवाल्यांचे दोन क्लेम पडलेत."

मी क्लेम नामंजूर केला. आप्पांनी काही वाद घातला नाही. मान हलवली आणि म्हणाले, "बरं. मग ती इकतोच आता."

दुकानात बाकावर एक बाई बसल्या होत्या. ठसठशीत कुंकू, हातात पिशवी. मला वाटलं होतं, त्या दुसऱ्या कुणाबरोबर असतील. त्या आप्पांच्या बायको निघाल्या. नवरा त्या गाडीतून आला होता आणि या एसटीनं.

"इका म्हनून मी न्हाई म्हनले," मावशी म्हणाल्या. "मी यात बसनार न्हाई, येवढंच म्हनले."

मग एकेक करून सगळं कळलं. मावशींचं माहेर तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला. लग्नानंतर गाडी आली तेव्हापासून दरवर्षी माहेरच्या जत्रेला दोघं त्याच गाडीतून जायचे. गाव वेशीपर्यंत बघायला यायचं. मागच्या जत्रेला नवे टायर घालून निघाले, आणि वाटेत गाडी अशी काही नाचली की मावशींचा खांदा दारावर आपटला. उरलेला रस्ता त्या जीपनं गेल्या. तेव्हापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. गाडी विकत घ्यायला पुण्याचं एक गिऱ्हाईक आप्पांच्या मागं होतंच. यंदाही ही बसली नाही, तर जत्रा झाल्यावर गाडी त्याला द्यायची, असं आप्पांनी ठरवलं होतं.

"एकट्यानं बसून काय करायचं त्यात?" आप्पा म्हणाले. "दुसरी शीट मोकळी बघवत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. इतका देखणा संसार रबराच्या चार चकत्यांवरून बिघडावा! शिवाय ती गाडी पुन्हा नीट पळताना बघायची मलाच हौस होती. मी म्हणालो, "आप्पा, क्लेम मी दिला नाही. पण टायर मी निवडून देतो. जत्रा कधी आहे?"

"म्होरच्या आठवड्यात."

"म्हणजे परदेशातून मूळचे टायर मागवायला वेळ नाही. इथंच जमवावं लागेल."

शेठनी लगेच एक चकचकीत रेडियल पुढं ओढला. रेडियल तेव्हा नवीन होते आणि सगळ्यांना तेच हवे असायचे. मी नको म्हणालो. जुन्या टायरमध्ये दोरे तिरके विणलेले असतात, रेडियलमध्ये आडवे. रेडियल रस्ता घट्ट धरतो, ते चांगलंच. पण वळणावर तो सगळा जोर स्पोकवर जातो, आणि हे स्पोक आप्पांच्या जवानीतले. शिवाय शेठकडचा रेडियल त्या मापाचा नव्हताच.

"मग जीपचा घाला," शेठ म्हणाले.

"तो मागच्या चाकाचा, खडबडीत नक्षीचा नको. पुढच्या चाकाचा, बारीक रेघांचा द्या. सहा प्लायचा."

"सहाच?" आप्पा चमकले. "आठ काढून सहा घालायचं? हे तर उलटंच झालं की!"

"आप्पा, चार प्लायचा मिळाला असता तर तोच घातला असता. ही गाडी ऊस वाहणार आहे का?"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं हसू होतं.

टायर बदलायला दुपार गेली. त्या चाकाला चार-पाच नट नसतात. मधोमध एकच मोठा नट, दोन कानांचा, तो हातोडीनं ठोकून सोडवायचा. स्पोकमधून हवा राहत नाही म्हणून ट्यूब घालावी लागते. स्पोकची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून आत रबराची पट्टी. ही पट्टी दौंडात मिळेना, ती जुनी ट्यूब कापून केली. बॅलन्सिंगच्या मशिनवर ते चाक बसत नव्हतं. मग गाडीवरच उचलून हातानं फिरवलं. चाक थांबताना जड बाजू खाली येते, तिच्या समोरच्या स्पोकला शिशाची तार गुंडाळायची, पुन्हा फिरवायचं. चाक कुठंही थांबायला लागलं की झालं. आप्पा हे काम पुण्याला असताना करायचे. त्यांचे हात सगळं विसरले नव्हते, आणि काम करताना ते चक्क गुणगुणत होते.

हवा मी स्वतः भरली. पंचवीस पौंड. दुकानातल्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, कारण इथं जीपला पंचेचाळीसच्या खाली कुणी भरतच नाही.

आप्पा आणि मी कुरकुंभला सोलापूर रोडपर्यंत चक्कर मारून आलो. साठ. सत्तर. स्टिअरिंगवर आप्पांचा हात अलगद होता. गाडी डोलत होती, नाचत नव्हती.

"ऐंशीच्या वर नाही," मी बजावलं. "हे मूळचे टायर नव्हेत."

"ऐंशीला ही बसायची न्हाईच," आप्पा म्हणाले आणि इतके खूश झाले की उजवीकडचा ट्रक त्यांना दिसला नाही. मला दिसला.

परत आल्यावर मावशींनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाल्या, "रेल्वेच्या फाटकापतूर. त्याच्या फुडं न्हाई." मी कागदपत्रं आवरायला दुकानात गेलो. आप्पा म्हणाले, जरा गाडी वळवून आणतो.

दोघं निघाले तेव्हा मी शेठच्या मोटारसायकलवर मागं होतो. फर्लांगभर गेलो नसू, तर गाडी उड्या मारायला लागली. प्रत्येक खड्ड्यावर मावशींचा पदर वर उडत होता. "थांबवा! थांबवा म्हनते ना!" हे मला मागं ऐकू आलं. गाडी थांबली. मावशी उतरल्या, पिशवी काखेत मारली आणि तरातरा स्टँडच्या दिशेनं निघाल्या. आप्पा स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मी टायरवर अंगठा दाबला. दगड. खिशातलं हवेचं मीटर लावलं. काटा पन्नासवर.

"आप्पा, हवा कुणी भरली?"

आप्पा खाली बघत राहिले. "कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं भरून घेतली. म्हटलं, आता ही बी बसनार."

"मग?"

"मग वजन वाढनार न्हाई का."

मी हसू दाबलं. पण मावशी तेवढ्यात थांबल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या परत आल्या.

"माझ्या वजनापायी हवा भरली? मी काय उसाची मोळी हाय का वो?"

"अगं, तसं न्हाई..."

"मग कसं? किती भरायची हुती, दादा?" हे मला.

"पंचवीस, मावशी. तुम्ही दोघं बसलात तरी पंचवीस."

"आन् ह्यांनी किती केली?"

"पन्नास."

त्यांनी आप्पांकडं असं पाहिलं की मीच एक पाऊल मागं सरलो. मग त्यांनी माझ्यापुढं हात केला. "आना ते मीटर. कसं लावायचं ते दावा."

मी दाखवलं. चाकाच्या नळीवर दाबायचं, काटा वाचायचा, जास्त असेल तर खिळ्यानं हवा सोडायची. पदर खोचून मावशी भर रस्त्यात चाकापाशी बसल्या आणि चारही चाकांची हवा स्वतः उतरवली. एसटीतले लोक खिडकीतून बघत होते. आप्पा खाली उतरून टोपी हातात घेऊन उभे होते. शेवटचं चाक झाल्यावर मावशी उठल्या, हात झाडले आणि दार उघडून आत बसल्या.

"चला आता. फाटकापतूर."

गाडी फाटकापर्यंत गेली. फाटक उघडं होतं. ती पुढं गेली. मी तिथंच थांबलो, कारण माझं काम संपलं होतं आणि मोटारसायकल शेठची होती.

जत्रेला दोघं त्याच गाडीतून गेले. पुण्याचं गिऱ्हाईक ठरल्याप्रमाणं आलं, त्याला चहा-पोहे मिळाले, गाडी मिळाली नाही. ट्रॅक्टरचे ते चार टायर दोन ट्रॅक्टरांना वाटले गेले, आणि तिथं ते उत्तम चालले. टायरमध्ये दोष नव्हताच. मॅनेजरना मी इतकंच कळवलं, की क्लेम रिजेक्ट, गिऱ्हाईक समाधानी. ते म्हणाले, हे दोन शब्द एका ओळीत पहिल्यांदाच वाचले.

माझं मीटर काही परत आलं नाही. पुढं एकदा मांडवगणला गेलो, तर ते मावशींच्या कमरेच्या पिशवीत, चुना-सुपारीशेजारी होतं. त्यांनी हवा मोजल्याशिवाय गाडी अंगणातून हलत नव्हती, आणि आप्पांना मीटरला हात लावायची परवानगी नव्हती. मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगत आलो आहे: टायर निवडताना मापाबरोबर गाडीचं काम बघा, प्लाय मोजत बसू नका, आणि हवा भरायचं काम चालवणाऱ्याकडं देऊ नका, शेजारी बसणाऱ्याकडं द्या.